कांच कोणीं फोडली ?

गेल्या भाद्रपदांतील गोष्ट. गौरी-गणपतींच्या निमित्तानें घरांत माणसांची वर्दळ होती. आदल्या रात्रीं आरतीला आलेल्या मंडळींस सरबत दिलें गेलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वयंपाकघरांतून ‘टच्’ असा आवाज आमच्या कानीं आला. पाठोपाठ धाकट्या सूनबाईंचा रडवेला स्वर ऐकूं आला, “आई, मीं कांहीं केलें नाहीं हो. नुसता हातांत घेऊन ऊन पाण्यानें विसळला, तों दोन तुकडे !” त्यावर आमच्या सौभाग्यवतींचें उत्तर तयारच होतें, “कांच का कधीं आपोआप फुटते ? हात धड नाहींत, दुसरें काय !”

सहा पेल्यांतला एक पेला गेला, ही गोष्ट लहान. परंतु दहा-बारा माणसांच्या घरांत अशा लहान गोष्टींचाही हिशेब कोठें तरी मांडला जात असतो. आणि नव्या सुनेच्या खात्यावर ‘धसमुसळी’ ही नोंद एकदां पडली कीं ती सहसा खोडली जात नाहीं. आम्ही त्या वेळीं ओटीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों व तसेच गप्प बसलों. सौभाग्यवतींचा प्रश्न मात्र मनांत घोळत राहिला. कांच आपोआप फुटते का ? पुढें कांहीं दिवस मिळतील तीं पुस्तकें चाळलीं, आणि जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों. न्यायाचा कांटा कोणाकडे झुकतो, तें वाचकांनींच शेवटीं पाहावें.

संस्कृत सुभाषितकारांनीं कांचेला मण्याच्या शेजारीं बसवून तिची नेहमींच हेटाळणी केली आहे. वस्तुतः कांच ही जातीची दुबळी नव्हे. खिडक्या, बाटल्या व पेले यांच्या नेहमींच्या कांचेंत ७० ते ७४ टक्के वाळूचें सत्त्व म्हणजे सिलिका असते. बाकीचा भाग मुख्यतः सोडा व चुना यांचा. सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे अणु परस्परांचे हात धरून जें जाळें विणतात, तें फार बळकट असतें. इतकें असून कांच ठिसूळ कां, या कोड्याची उकल ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें केली. त्याचा निबंध १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें कांच वितळवून तिचे तंतु ओढले व ते ताणून पाहिले. तेव्हां असें आढळलें कीं, केंसाहूनही बारीक असे ताजे तंतु, छेदाच्या मानानें हिशेब केला असतां, जाड तंतूंच्या सुमारें वीसपट ताण सोसतात. मात्र तेच ताजे तंतु कांहीं तास तसेच पडूं दिले कीं त्यांचें बळ उतरतें. ग्रिफिथनें अनुमान काढलें तें असें : कांचेचें द्रव्य दुबळें नसून तिच्या अंगावरील सूक्ष्म भेगा तिचा घात करतात. त्या डोळ्यांना दिसत नाहींत, परंतु वापरांतील प्रत्येक कांचेवर असतात.

भेगेनें एवढें काय होतें, असें कोणी विचारील. त्यानें कापडाच्या दुकानांत जाऊन पाहावें. दुकानदार मांजरपाटाचा तागा नुसत्या हातांनीं फाडूं लागला तर त्याच्या बापाच्यानें फाटणार नाहीं. म्हणून तो आधीं काठाशीं कात्रीनें एक चीर देतो, आणि मग दोन बोटांच्या ओढीनें कापड सरळ फाटत जातें. सगळी ओढ त्या चिरेच्या टोकाशीं एकवटते. कांचेच्या भेगेच्या टोकाशीं हेंच होतें. राखेनें किंवा जाड्याभरड्या चूर्णानें पेला घासला, त्यांत चमचा खणखणला, दोन पेले एकमेकांवर घासले, कीं अशी एक-एक चीर पडत जाते. पेला मात्र पूर्वींइतकाच लखलखीत दिसतो.

येथवर पाण्याचा संबंध आला नाहीं. तो कसा येतो हें सांगण्यापूर्वीं आमच्या अज्ञानाची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आम्ही संस्कृतचे मास्तर. शास्त्राशीं परिचय झाला तो मॅट्रिकपुरता. परंतु शास्त्राचे मास्तर रजेवर गेले कीं प्रयोगशाळेचा तास आमच्या गळ्यांत येई, आणि त्यामुळें दोनचार गोष्टी आम्ही पाहून शिकलों होतों. त्यांपैकीं एक म्हणजे कांचेची नळी तोडणें. नळीवर तिकोनी कानशीनें एक चरा पाडावयाचा, त्यावर ओलें बोट फिरवावयाचें, आणि दोन्ही अंगठे चऱ्याच्या पाठीमागें टेकवून नळी हलकेच वाकवावयाची. ती सुरेख सरळ तुटते. बोट ओलें कां करावयाचें, हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं आणि मुलांनीं विचारलें तेव्हां ‘असें करतात’ एवढेंच उत्तर दिलें. एवढ्या वर्षांनीं त्याचें खरें उत्तर सांपडलें. त्या ओल्या बोटांतच सगळें रहस्य होतें.

कांचेवर भार किती आहे एवढ्यावरच तिचें फुटणें अवलंबून नसून तो किती वेळ राहिला यावरही असतें, हें ग्रेने नांवाच्या फ्रेंच संशोधकानें १८९९ सालींच दाखविलें होतें. जो भार कांच क्षणभर सहज पेलते, त्याहून पुष्कळ कमी भाराखालीं ती कांहीं तासांनीं किंवा दिवसांनीं मोडते. जणूं ती थकते. पण हा थकवा कशाचा ? १९४६ सालीं बेकर व प्रेस्टन या दोघांनीं कांच निर्वात जागीं तापवून तिच्यावरील ओल काढून टाकली, आणि मग भार लावून पाहिला. थकवा जवळजवळ नाहींसा झाला. पुढें १९६७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंतील शेल्डन वीडरहॉर्न यांनीं एकच भेग सूक्ष्मदर्शकाखालीं धरून तिची चाल मोजली. भोंवतालची हवा जसजशी दमट करावी तसतशी भेग अधिक वेगानें सरके. आणि आर्द्रता एका टक्क्याच्याही पुष्कळ खालीं नेली तरी ती सरकणें थांबत नसे. पाण्याचा प्रभाव इतका सूक्ष्म आहे.

पाणी तेथें करतें काय ? ज्या सांध्यांत दोन सिलिकॉन अणूंनीं मध्यें एका ऑक्सिजनचा हात धरलेला असतो, तो सांधा भेगेच्या टोकाशीं ताणला गेलेला असतो. पाण्याचा एक रेणु त्या चिंचोळ्या वाटेनें आंत शिरतो आणि त्या ताणलेल्या सांध्याशीं संयोग पावतो. जेथें एक सांधा होता तेथें आतां दोन सुटीं टोकें राहतात, आणि भेग एका पावलानें पुढें जाते. मग पुढचा सांधा, पुढचा रेणु. या क्रियेचा अणुपातळीवरील उलगडा मिखाल्स्की व फ्रायमन यांनीं १९८२ सालीं मांडला. दोघे भाऊ हातांत हात घालून उभे असावे, बाहेरून कोणी त्यांना विरुद्ध दिशांना ओढीत असावें, आणि नेमक्या त्या वेळीं एखाद्या गोड बोलणाऱ्या तिऱ्हाइतानें मध्यें शिरून दोघांच्या हातीं आपापला एक-एक हात द्यावा, त्यांतलाच हा प्रकार. ओढ नसती तर त्या तिऱ्हाइताचें कांहीं चाललें नसतें. आणि तिऱ्हाईत नसता तर तेवढ्या ओढीनें हात सुटले नसते.

ही चाल किती मंद असूं शकते याचा हिशेब वाचकांनीं करून पाहावा. भेग सेकंदास एका मिलिमीटरच्या कोट्यंशानेंच पुढें गेली असें धरलें, तरी वर्षाकाठीं ती सुमारें तीन मिलिमीटर जाते. वर्षभर कोणाला कांहीं दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं. पुढें तिची लांबी एका मर्यादेपलीकडे गेली कीं ती एकदम उधळते, आणि मग तिचा वेग सेकंदास सुमारें दीड किलोमीटरपर्यंत जातो. आपल्याला ऐकूं येतो तो ‘टच्’ या शेवटच्या क्षणाचा. म्हणूनच मोठमोठ्या इमारतींच्या कांचांचे जे हिशेब आज प्रचलित आहेत, त्यांत साध्या कांचेनें वाऱ्याच्या तीन सेकंदांच्या झोताला जेवढा भार सोसावा असें धरतात, त्याच्या सुमारें एकतृतीयांशच भार वर्षानुवर्षें टिकणाऱ्या ओझ्यासाठीं मान्य करतात.

परंतु पाण्यावर सगळा दोष ढकलून मोकळें होणें बरोबर नाहीं. कांचेवर ओढ नसेल तर नुसतें पाणी तिला दुबळी करीत नाहीं. उलट १९६० सालीं मोल्ड नांवाच्या संशोधकानें दाखविलें कीं, नुकत्याच ओरखडलेल्या कांचेला कसलाही ताण न देतां पाण्यांत ठेवलें, तर तिचें गेलेलें बळ कांहीं अंशीं परत येतें. कारण चिरेचें तीक्ष्ण टोक बोथट होतें. तेव्हां पाणी हें स्वतः मारेकरी नव्हे. ताण असेल तेथें तें फितूर होतें. आतां प्रश्न उरला तो हा कीं, फडताळांत निमूटपणें बसलेल्या पेल्यावर ताण येतो कोठून ?

त्याचें पहिलें उगमस्थान म्हणजे ऊन-थंडाचा खेळ. साधी कांच दर शतमान अंशास आपल्या लांबीच्या दहा लक्ष भागांपैकीं सुमारें नऊ भाग वाढते. मीटरभर कांच १०० अंशांनीं तापली तरी पुरी एक मिलिमीटरसुद्धां वाढत नाहीं. वाढ क्षुल्लक, पण कांच उष्णतेची मंद वाहक असल्यामुळें ती सर्वत्र एकदम होत नाहीं. जाड पेल्यांत कढतें दूध ओतलें कीं आंतला पृष्ठभाग फुगूं पाहतो, बाहेरचा थंडच असतो, आणि आंतल्याच्या रेट्यानें बाहेरचा ताणला जातो. दाब सोसण्यांत कांच मोठी खंबीर असते; ताण सोसण्यांत मात्र तिचें बळ त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच. म्हणून जाड कांच बळकट दिसते तरी कढत्या पदार्थाला पातळ कांचच अधिक टिकते. कारण तिच्यांत आंतबाहेरचा फरक फार वेळ राहत नाहीं. साध्या जाड कांचेला ४० ते ५० अंशांचा अचानक फरक धोक्याचा समजावा.

त्याहून वाईट तें तापलेल्या कांचेवर थंड पाणी पडणें. आमच्या लहानपणीं घरांत ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील असे. पावसाळ्यांत तो घेऊन परसांत जावें, वाऱ्याबरोबर एक थेंब तापलेल्या कांचेवर पडावा, आणि ती तडकावी, हें आम्हीं कित्येकदां पाहिलें आहे. थेंब पडतो तेवढीच जागा आकसते, भोंवतालची तापलेली कांच तिला आकसूं देत नाहीं, आणि ताण थेट पृष्ठभागावरच, जेथें भेगा असतात तेथेंच, येतो. शिवाय त्या भेगांत शिरावयास पाणी आयतेंच हजर ! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत येना येथें ओटो शॉट यांनीं टांकणखारांतील बोरॉन मिसळून नवी कांच सिद्ध केली. अमेरिकेंत तशीच कांच १९१५ सालीं ‘पायरेक्स’ या नांवानें घरोघरच्या स्वयंपाकांत आली. ती तापवून फुगते साध्या कांचेच्या सुमारें एकतृतीयांशच. म्हणून ती आंच सोसते.

उष्णतेचा दुसरा परिणाम याहून गूढ आहे. पाण्याची ती सांधे सोडविण्याची क्रिया रासायनिक असल्यामुळें ती उबेंत वेगानें चालते आणि थंडींत मंदावते. द्रवरूप नायट्रोजनमध्यें, म्हणजे शून्याखालीं १९६ अंशांवर, कांचेचें बळ नेहमींच्या दुपटीहूनही अधिक भरतें, आणि भार क्षणभर राहिला कीं दिवसभर, यानें फारसा फरक पडत नाहीं. पाणी तेथें गोठून निश्चल झालेलें असतें. उलट तापवीत गेलें तर १०० ते २०० अंशांच्या आसपास साधी कांच सर्वांत दुबळी होते, आणि त्यापुढें ओल अंग सोडूं लागली कीं तिचें बळ पुन्हां चढूं लागतें. म्हणजे कांचेला गरम आणि दमट ही जोडी सर्वांत जाचक, आणि आपल्या स्वयंपाकघरांत नेमकी तीच नांदते.

ताणाचें आणखी एक मूळ कांचेच्या जन्मांतच असूं शकतें. भट्टींतून निघालेलें भांडें घाईनें निवलें तर बाहेरचा थर आधीं घट्ट होतो, आंतला मागून आकसतो, आणि दोघांची ओढाताण भांड्याच्या अंगांत कायमची राहते. ती सर्वत्र सारखी नसल्यामुळें भांडें पुढें क्षुल्लक कारणानेंही तडकतें. म्हणून १९०८ सालीं पैसा फंडाच्या द्रव्यांतून तळेगांव दाभाडे येथें निघालेला कारखाना घ्या कीं आजचा अगदीं नवा कारखाना घ्या, नवें भांडें बेतानें व हळूहळू निववावें लागतें. शहाणा मनुष्य याच अवगुणाचा गुण करतो. बांधीव कांचेंत, मोटारींच्या खिडक्यांना असते तिच्यांत, तापलेला तक्ता हवेच्या झोतांनीं मुद्दाम सर्व बाजूंनीं सारखा व झपाट्यानें निववून बाहेरचा थर दाबांत ठेवतात. मग भेगांचीं तोंडें मिटलेलीं राहतात आणि पाण्याला वाव मिळत नाहीं. आणि समुद्राखालून संदेश नेणारे जे कांचेचे तंतु आहेत, त्यांच्यावर तर ओढतांक्षणींच लेप चढवितात, कीं ओरखडा नको आणि ओलही नको. ग्रिफिथच्या उघड्या तंतूंचें बळ जें उतरलें, त्यांतून हा धडा घेतलेला आहे.

आतां आमच्या पेल्याकडे वळूं. हें सर्व वाचून झाल्यावर आम्ही त्या रात्रीचा क्रम आठवूं लागलों. सरबत झालें, बायकामाणसें दमलीं होतीं, म्हणून कोणी तरी पेले विसळले आणि ओले असतांनाच दोन-दोन एकांत एक बसवून फडताळांत ठेवले. आंतला पेला पाचरीसारखा खालीं उतरतो व बाहेरच्याला चहूंकडून ताणतो. दोघांच्या मध्यें पाणी. एकमेकांवर घासून पडलेले ओरखडे आधींचेच. रात्रभर ताण, रात्रभर ओल. आणि सकाळीं ते ओढून सोडविल्यावर त्यावर ऊन पाणी. सूनबाईंच्या हातांत पेला आला तेव्हां तो बहुधा आधींच मेलेला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली, एवढेंच. पेले तसे ठेवणारें तें ‘कोणी तरी’ कोण, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. ते आम्हीच. आम्हीं तसें सौभाग्यवतींना सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “तरीच ! तुम्हांला कोणीं सांगितलें होतें मदत करायला ?” मग त्या आंत गेल्या. सूनबाईंशीं काय बोलल्या तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं. परंतु त्या दिवशीं चहा दोघींनीं एकत्र बसून घेतला.

आमच्या मनाला मात्र दुसरीच एक गोष्ट लागून राहिली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं अशाच एका बदलीच्या तासाला एका मुलाच्या हातांत चंचुपात्राचा तळ निखळून पडला. “गुरुजी, मीं नुसतें उचललें,” असें तो म्हणाला. आम्हीं त्याला खोटें बोलल्याबद्दल वर्गापुढें उभें केलें आणि पात्राचे तीन रुपये भरावयास लावले. त्या पात्राचा तळ किती वर्षें जाळीवर तापला होता, तापलेला असतां किती वेळां ओल्या फरशीवर टेकला होता, याची चौकशी करण्याचें आमच्या ध्यानींही आलें नाहीं. नळीवर ओलें बोट फिरवून ती रोज तोडणाऱ्या माणसाला तरी तें सुचावयास हवें होतें. तो मुलगा आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. तो खोटें बोलला नव्हता, एवढें या पानावर लिहून ठेवतों.

गृहिणींच्या उपयोगासाठीं थोडेंसें. कांचेचे पेले राखेनें वा तारेच्या चोथ्यानें घासूं नयेत. मऊ फडकें घ्यावें. ओले पेले एकांत एक बसवूं नयेत. बसलेच तर ओढाताण न करितां आंतल्या पेल्यांत थंड पाणी भरावें आणि बाहेरचा कोमट पाण्यांत धरावा; एक आकसतो, दुसरा फुगतो, आणि दोन्ही सुटतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर वा बरणीवर कढतें पाणी ओतूं नये, आणि तापलेलें कांचेचें भांडें ओल्या ओट्यावर टेकवूं नये. खालीं दुमडलेलें कोरडें फडकें असावें. ज्या भांड्यावर चरा नखाला लागतो, त्यांत कढतें कांहीं ओतूं नये. आणि इतकें करूनही एखादें भांडें कोणाच्या हातांत फुटलें, तर आधीं त्या हाताला लागलें का तें पाहावें. तें कोणीं फोडलें याची चौकशी मागून करावी, आणि ती करतांना आदल्या रात्रीपासून करावी.

उरलेले पांच पेले आमच्या फडताळांत आतां वेगवेगळे, कोरडे करून, पालथे ठेवलेले असतात. तें काम सौभाग्यवतींनीं आमच्याकडे सोंपविलेलें नाहीं.